हलकं पोतं

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा लांबला, मग गणपती. दोघातिघांनी विचारलंही, "बाई, लिहिणं थांबवलंत की काय?" थांबवलं नाही हो, विषय सुचत नव्हता. आता सुचलाय, तोही असा की त्याचं नाव मला महिन्यापूर्वी धड उच्चारता येत नव्हतं.

झालं असं, की दसऱ्याच्या आसपास मी गच्चीवरच्या कुंड्यांत टोमॅटो-मिरचीची रोपं करते. त्यासाठी नर्सरीत फोन केला आणि म्हटलं, "एक पोतं वर्मी पाठव रे." वर्मी म्हणजे गांडूळखत, हे आमच्या सांगलीत शेंबडं पोरही सांगेल. नर्सरीवाल्याचे वडील माझे विद्यार्थी, त्यामुळे तोही मला बाईच म्हणतो. दुपारी त्याचा नवा पोरगा पोतं घेऊन आला, आणि दोन जिने एका हाताने उचलून वर ठेवून गेला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. खताचं पोतं असं कुणी एका हाताने उचलत नाही.

उघडून बघते तर आत खत नाहीच. सोनेरी-तपकिरी चकचकीत तुकडे, बोटाच्या पेरापेक्षा लहान, बारीक घड्या घातलेल्या कागदासारखे. दाबले की थोडे दबतात. वजन म्हणाल तर मुरमुऱ्यांचं. फोन केला तर तो म्हणतो, "बाई, पोरानं घोळ केला. ते व्हर्मिक्युलाईट आहे. राहू दे, रोपांना चांगलं असतं. पैसे नंतर बघू."

मी हसले आणि पोत्याचा फोटो काढून आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'गांडुळं मागवली, सोनं आलं.'

पाच मिनिटांत लेकीचा फोन. ती मिनियापोलिसला असते, तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेली असेल. ना हॅलो, ना कशी आहेस. "आई, ते कोरडं चाळवू नकोस. आणि अजून ती बाटली तुझ्याकडे आहे का गं?"

बाटलीचं नंतर सांगते. आधी हे प्रकरण आहे काय ते सांगते, कारण गेला महिनाभर मी त्यातच आहे. भूगोल शिकवण्यात चौतीस वर्षं गेली, खोड जात नाही.

व्हर्मिक्युलाईट हा अभ्रकाचा भाऊबंद. अभ्रक म्हटलं की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडून आपोआप 'कोडरमा, हजारीबाग, नेल्लोर' निघेल, इतकं ते घोकून घेतलंय मी. जमिनीतल्या काळ्या अभ्रकात युगानुयुगं पाणी मुरत राहिलं, की त्याच्या पापुद्र्यांमधलं पोटॅशियम निघून जातं आणि त्या जागी मॅग्नेशियम आणि पाणी जाऊन बसतं. दिसायला तो दगडच. पण असा दगड भट्टीत एकदम तापवला की पापुद्र्यांमधल्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती पापुद्रे दूर ढकलते, आणि तुकडा फुगून आठपट, दहापट, कधी तीसपटसुद्धा होतो. नागपंचमीला आपण कढईत ज्वारीच्या लाह्या फोडतो ना, तसंच. फक्त लाही चहूबाजूंनी फुलते आणि हा एकाच दिशेने लांब होत जातो. दिवाळीतली नागगोळी आठवा, पेटवली की काळा साप वळवळत बाहेर येतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला १८२४ साली वेब नावाच्या गृहस्थाने हे पाहिलं आणि त्याला अळ्या वळवळल्यासारखं वाटलं, म्हणून लॅटिनमधल्या अळीच्या शब्दावरून नाव ठेवलं. गांडूळखताच्या इंग्रजी नावातला 'वर्मी' तोच. म्हणजे नर्सरीतल्या पोराची चूक तशी दोनशे वर्षं जुनी.

फुगलेल्या त्या घड्यांत हवा आणि पाणी दोन्ही राहतं. म्हणून बी रुजवायला ते उत्तम. ओल धरतं पण चिखल होत नाही, आणि भट्टीतून आलेलं असल्यामुळे बुरशी नसते, कोवळं रोप मुळाशी सडून कोलमडत नाही. कोकोपीट, परलाईट आणि हे, असं मिश्रण रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये सर्रास वापरतात. शिवाय जळत नाही, उष्णता अडवतं. त्यामुळे भट्ट्यांचं अस्तर, आगरोधक दरवाजे, तिजोरीच्या भिंतीतला भराव, हलकं काँक्रीट, गाडीचे ब्रेक, रसायनांच्या बाटल्या पाठवताना खोक्यात भरायचा भुसा, कुठे कुठे म्हणून नाही! आपल्याकडे तमिळनाडूत तिरुपत्तूरजवळ सेवत्तूरला त्याचा साठा आहे, आंध्रात नेल्लोरकडेही. जगात दक्षिण आफ्रिकेतलं पालाबोरा मोठं. चीन, ब्राझीलमध्येही निघतं.

आणि एके काळी सगळ्यांत मोठी खाण होती ती अमेरिकेत मोंटाना राज्यात, लिबी नावाच्या गावाजवळ. लेकीच्या त्या फोनचं मूळ तिथे आहे.

लिबी हे जेमतेम अडीच-तीन हजार वस्तीचं डोंगरातलं गाव. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ॲली नावाच्या माणसाला तिथल्या डोंगरात हा दगड मिळाला. जुन्या बोगद्यात तो दिवा घेऊन गेला आणि ज्योत लागलेला दगड फुगायला लागला, अशी गोष्ट सांगतात. त्याने त्याला 'झोनोलाईट' नाव दिलं आणि १९२० च्या दशकात कंपनी उभी राहिली. १९६३ मध्ये ती डब्ल्यू. आर. ग्रेस या मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि १९९० पर्यंत चालवली. भरात असताना जगातलं सत्तर-ऐंशी टक्के व्हर्मिक्युलाईट या एका डोंगरातून येत होतं म्हणे.

पण त्या डोंगरात व्हर्मिक्युलाईट एकटं नव्हतं. त्याच्या शिरांमध्येच ॲसबेस्टॉसच्या शिरा होत्या, ट्रेमोलाइट आणि त्याच्या जातीच्या खनिजांच्या. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण मीही आधी गोंधळले होते. व्हर्मिक्युलाईट म्हणजे ॲसबेस्टॉस नव्हे. पण एका घरात नांदत असतील तर खणताना, दळताना, भाजताना दोन्ही बरोबरच येतात. ॲसबेस्टॉसचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. श्वासाबरोबर आत गेले की फुफ्फुसात रुतून बसतात, आणि दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी त्रास सुरू होतो. फुफ्फुसं कडक होत जातात, कॅन्सर होतो, फुफ्फुसाच्या आवरणाचाही होतो.

लिबीत काय नव्हतं सांगा! खाणकामगार कपड्यांवर धूळ घेऊन घरी यायचे, बायका ते कपडे झटकून धुवायच्या, पोरं बापाच्या अंगावर झेप घ्यायची. लोक बागेत घालायला ते घेऊन जायचे. बेसबॉलच्या मैदानाशेजारी फुगवण्याचा कारखाना होता, तिथल्या ढिगांत मुलं उड्या मारायची. आणि हे वाचून मी चष्मा काढून ठेवला - शाळेच्या धावपट्टीवर खाणीतला टाकाऊ माल पसरला होता. प्राथमिक शाळेच्या बर्फावर घसरायच्या मैदानाखालीसुद्धा.

शाळेला कुणीतरी फुकट भराव दिला असेल. मुख्याध्यापकांनी आभाराचं पत्रही लिहिलं असेल. मी त्या जागी असते तर मीच लिहिलं असतं, आणि शिट्टी वाजवून पोरांना पळवलंही असतं.

कुणाला माहीत नव्हतं का? होतं. १९५६ सालीच राज्याच्या आरोग्य खात्याच्या तपासनीसाने तिथल्या धुळीत ॲसबेस्टॉस आहे आणि ते विषारी आहे, असं लिहून दिलं होतं. अहवाल गोपनीय म्हणून कंपनीकडे गेला. कामगारांना कुणी सांगितलं नाही. गेला बेनेफील्ड म्हणून तिथली एक बाई आहे, खाणकामगाराची मुलगी. तिचे वडील १९७४ मध्ये गेले. आई कधी खाणीत गेली नव्हती, तीही याच रोगाने १९९६ मध्ये गेली. ही बाई गावभर सांगत सुटली. गावाने काय केलं? गावाची बदनामी करते म्हणून तिच्यावरच चिडले. आपल्याकडे काय वेगळं झालं असतं म्हणा.

शेवटी १९९९ च्या नोव्हेंबरात सिॲटलच्या वर्तमानपत्रात अँड्र्यू श्नायडर या बातमीदाराने सगळं छापलं आणि काही दिवसांत ईपीए, म्हणजे तिथलं पर्यावरणाचं सरकारी खातं, लिबीत येऊन पोचलं. २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००५ मध्ये तिच्यावर आणि अधिकाऱ्यांवर फौजदारी खटला झाला, आणि २००९ च्या मे महिन्यात ज्यूरीने निर्दोष सोडलं. गंमत बघा (गंमत कसली!), त्यानंतर दीड महिना व्हायच्या आत, १७ जून २००९ ला, ईपीएने त्याच गावात सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. त्या कायद्याखाली तशी ती पहिलीच. सफाईसाठी कंपनीने २५ कोटी डॉलर दिले हेही खरं. अडीच हजारांहून जास्त घरं-आवारं साफ केली, ते काम २०१८ पर्यंत चाललं. मेलेल्यांचा आकडा चारशेच्या आसपास सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, मोंटानाच्या डोंगराचा आणि आमच्या लेकीचा काय संबंध? तर लिबीचा दगड रेल्वेने अमेरिकाभर जायचा आणि गावोगावच्या भट्ट्यांत फुगवला जायचा. मिनियापोलिसच्या ईशान्य भागात अशी एक भट्टी १९३८ पासून १९८९ पर्यंत चालली. तिथला न फुगलेला चोथा बाहेर ढीग करून ठेवायचे, आणि 'फुकट खडी' अशी पाटी. लोकांनी गाड्या भरभरून नेली, अंगणात, वाटेवर, फुलझाडांत घातली. पुढे दोनशेहून जास्त घरांची आवारं सरकारला उकरून साफ करावी लागली. आणि फुगवलेला माल पोत्यांनी विकला जायचा, घराच्या पोटमाळ्यावर ओतायला. थंडीच्या मुलखात तेच पांघरूण. लाखो घरांच्या माळ्यांवर ते अजून आहे.

लेकीने २०१६ मध्ये तिथे घर घेतलं, १९४० च्या दशकातलं. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही दोघं गेलो होतो. आता बाटली.

नातू तेव्हा सात वर्षांचा. एका दुपारी घरात आम्ही दोघंच. त्याला पोटमाळ्यावरची जुनी खेळणी हवी होती, म्हणून घडीची शिडी ओढून तो चढला आणि त्याच्या मागे मी. सदुसष्टाव्या वर्षी शिडी चढले म्हणून हे नंतर ओरडले होते, ती गोष्ट वेगळी. वर गुलाबी कापसासारखं काहीतरी अंथरलेलं होतं. त्याची एक कड उचलली तर खाली हेच. सोनेरी तुकडे, वीतभर थर. वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं आणि हवेत चकचकीत कण तरंगत होते. नातू म्हणाला, "आजी, ट्रेझर!" आणि आम्ही दोघांनी तासभर तो खजिना उकरला. ओंजळीतून खाली सोडायचा आणि उन्हात बघायचं. मला तर अभ्रकाच्या जातीचं काहीतरी आहे एवढं कळल्याचाच आनंद. त्याला मी कोडरमासुद्धा सांगितलं. येताना एका गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत थोडं भरून घेतलं, शेजारच्या मुलांना दाखवायला. ती बाटली आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात, शंख-शिंपल्यांच्या शेजारी उभी आहे. शेजारची दोन मुलं त्यातलं हातावर घेऊन गेली आहेत.

आणि तरी मी पोत्यातला माल ओळखला नाही, बघा. बाटलीतलं काळवंडलंय.

लेकीला कळलं ते २०१९ मध्ये. दिवे बसवायला वायरमन आला, त्याने माळ्याचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि झाकण लावून खाली उतरला. म्हणाला, हे आधी काढून घ्या, मग मला बोलवा. तिथे सरकारचं सांगणं असं आहे, की जुन्या माळ्यावर असं दिसलं तर त्यात ॲसबेस्टॉस आहे असंच धरून चाला. हात लावू नका, झाडू नका, सामान ठेवू नका, मुलांना पाठवू नका. काढायचं तर त्यातल्या माणसांकडूनच काढून घ्या. तिने काढून घेतलं. घर प्लॅस्टिकने बंद करून, अंगभर पांढरे कपडे घातलेली माणसं आली. मूळ मालक कंपनीच्या दिवाळखोरीतून असा एक निधी निघालाय, त्यातून तिला खर्चाचा काही भाग परत मिळाला.

हे सगळं मला तिने आता सांगितलं. इतक्या वर्षांनी.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगून तू काय केलं असतंस, आई? नुसती जागी राहिली असतीस रात्रभर."

"बाटली उघडली नसती ना मी."

ती गप्प. बाटलीचं तिच्या लक्षातच नव्हतं, फोटो पाहून आठवलं. मग म्हणाली, "त्या दुपारचं त्याने मला सांगितलं होतं. त्याच्या डॉक्टरांनाही विचारलं मी." डॉक्टरांचं म्हणणं, एका दुपारचा धोका फार थोडा असतो. वर्षानुवर्षं धूळ खाणाऱ्यांचं आणि याचं एक नाही. तपासून कळण्यासारखं काही नसतं. सिगारेटपासून लांब राहू दे म्हणजे झालं. नातू आता माझ्यापेक्षा उंच झालाय आणि पोहतो. फोनवर त्याला म्हटलं, "बाळा, त्या दिवशी आजीचं चुकलं हं." तो म्हणाला, "आजी, दॅट वॉज द बेस्ट डे." काय बोलणार?

त्या रात्री मात्र मी खरंच जागी होते, पण नातवापायी नाही. आमच्या शाळेच्या शेडवर सिमेंटचे पत्रे होते. हे पत्रे म्हणजे सिमेंटात ॲसबेस्टॉसचे तंतू घातलेले. अजूनही आपल्याकडे रशिया, ब्राझीलसारख्या देशांतून ॲसबेस्टॉस येतं आणि पत्रे होतात. १९८७ च्या वळवाने त्यातले पंधरा-वीस पत्रे उडून फुटले. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा फाटकापाशी चिखल. मी नववीचं श्रमदान लावलं. पोरांनी हातोड्यांनी पत्र्यांचा चुरा केला आणि वाटेवर पसरला. दोन दिवस. डोकी, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि आम्ही हसत होतो, सगळे म्हातारे झालात म्हणून. मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर देणारंही कुणी नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गातल्या एकाला फोन केला. पन्नाशी ओलांडलीय, शेती बघतो. खोकला वगैरे आहे का, विचारलं. "बाई, तंबाखू सोडली, आता काही नाही." मग मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "बाई, गोठ्यावरचे तसलेच पत्रे काढायला काढलेत. उद्या फोडून खड्ड्यात घालणार होतो." मी म्हटलं, फोडू नकोस, आधी पाणी मार, स्क्रू काढून अख्खे उतरव, तोंडाला चांगला मास्क लाव, आणि पोरांना तिथे येऊ देऊ नकोस. "बरं बाई," म्हणाला. वर्गात म्हणायचा तसंच.

पोत्याचं विचाराल तर ते मी परत पाठवलं नाही. नर्सरीवाल्याला विचारलं, हे आलं कुठून? पोत्यावर ना खाणीचं नाव ना गावाचं. त्याने घाऊक व्यापाऱ्याला विचारलं, तो म्हणाला 'साउथचा माल'. आज जिथे जिथे मोठ्या खाणी चालतात तिथला माल ॲसबेस्टॉससाठी तपासतात, आणि लिबी बंद होऊन तीस वर्षं उलटून गेली. बागेत वापरायला आज त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही, हे मला पटलंय. पण धूळ ती धूळच. ईपीएने २००० मध्येच बागवाल्यांना साधं सांगितलं होतं: उघड्यावर वापरा, ओलं ठेवा, कपड्यांवरून धूळ घरात आणू नका. मी पोत्यातच झारीने पाणी ओतलं, मग बाहेर काढलं, कोकोपीटमध्ये कालवलं. हे लांब गॅलरीच्या दारात उभे राहून, नाकावर उपरणं धरून, सूचना देत होते. नवव्या दिवशी टोमॅटो वर आले. गांडूळखतात असे एकसारखे कधी आले नव्हते, हे कबूल करायला हवं.

राहिली बाटली. शेजारच्या मुलांच्या आईला जाऊन सांगून आले. ती म्हणाली, अहो काकू, एवढ्याशाने काय होतंय. पण ऐकून घेतलं. बाटलीच्या झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली, तीन पिशव्यांत घातली. हे म्हणाले, "दे टाकून घंटागाडीत." घंटागाडीत काय होतं ते मी रोज बघते, सगळं दाबून चिरडतात, आणि ती दोन पोरं हातमोजे न घालता कचरा निवडतात. महानगरपालिकेत दोनदा फोन केला. पहिल्यांदा नाव कळलं नाही, दुसऱ्यांदा म्हणाले, लेखी अर्ज द्या. दिलाय. तोवर ती वरच्या फळीवर आहे, पत्र्याच्या डब्यात, आणि डब्यावर मी फळ्यावर लिहायची तशा मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय - उघडू नये, घंटागाडीत टाकू नये, आत काय आहे ते विचारावे.